घडीचा चाकू आणि अखंड चाकू

डॉक्टरांनी मला खोली दाखवायच्या आधी पेरू कापायला लावला.

नांदेडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मला जीवशास्त्र शिकवायची नोकरी नुकतीच लागली होती. भोकरहून सकाळच्या बसने येऊन मी खोल्या बघत फिरत होते. एकटी मुलगी नको, म्हणून काही घरांनी दारातूनच परत पाठवलं होतं. मग कुणीतरी या घराचा पत्ता दिला. घरमालक जनावरांचे सरकारी डॉक्टर होते, आता निवृत्त झालेले. मूळचे औशाकडचे. बदल्या होत होत नांदेडला आले आणि इथंच घर बांधून राहिले. उंच, थोडे वाकलेले, अंगात बाह्यांची बनियन आणि कमरेला चामड्याचं एक लहानसं म्यान. मी नमस्कार केला तर म्हणाले, "वर खोली हाय. पण आधी बसा."

त्यांनी टेबलावर पेरू ठेवला आणि शेजारी दोन चाकू ठेवले. एक घडीचा, उघडलेला. दुसरा सरळ, कमरेच्या म्यानातून काढलेला.

"अर्धा ह्यानं कापा, अर्धा त्यानं. मग सांगा कोणता बरा."

मला वाटलं, हेही घर गेलं. तेवढ्यात आतून बाईंचा आवाज आला, "ओ डॉक्टर, पोरगी खोली बघायला आलीय, परीक्षेला न्हाई बसली. भाडं सांगा तिला."

मी पेरू कापला. आमच्या घरी एक विळी होती आणि शेतातला विळा. चाकूत निवड करायची असते हेच मला ठाऊक नव्हतं. पण हाताला जे कळलं ते सांगितलं, की सरळ चाकू बरा वाटला.

"का?"

"जोर दिला तरी मुठीत हलत नाही."

डॉक्टर आत तोंड करून म्हणाले, "अगं, चहा टाक. भाडेकरू मिळाली." आणि मला म्हणाले, "सामान कधी आणताव?"

त्या घराच्या वरच्या खोलीत मी बरीच वर्षं राहिले. डॉक्टर मला 'मास्तरीणबाई' म्हणायचे. मी त्यांना काका म्हणत असे, पण मनात ते माझ्यासाठी डॉक्टरच राहिले.

लोक ज्या काचेच्या कपाटात मानचिन्हं आणि लग्नात आलेले कपबशांचे संच मांडतात, त्या कपाटात डॉक्टरांचे चाकू होते. वरच्या फळीवर घडीचे, खालच्या फळीवर अखंड. अखंड हा त्यांचाच शब्द. ज्याचं पातं मुठीतून आरपार शेवटपर्यंत गेलेलं असतं, ज्याला सांधा नाही आणि जो मिटत नाही, तो अखंड. काही जपानचे होते, काही जर्मनीचे, एकदोन स्वीडनचे. नोकरीत असताना गायीबैलांचे खूर साफ करायला चांगला चाकू मिळत नाही म्हणून एक बाहेरून मागवला, तिथून हे वेड लागलं, असं ते सांगत. कुरियरवाला दारात आला की काकू म्हणायच्या, "लोकांच्या घरी पार्सलातून साड्या येतात. आमच्या घरी हत्यारं."

गल्लीत त्यांना चाकूवाला डॉक्टर म्हणत. लिंगायत घर, अंडंसुद्धा कधी उंबरा ओलांडून आत आलं नाही, त्यामुळे लोकांना जास्तच गंमत वाटायची. शेजारचे किराणा दुकानदार तोंडावर विचारायचे, "डॉक्टर, एवढे महागाचे चाकू, कापताव तरी काय?"

"काकडी," डॉक्टर शांतपणे सांगायचे.

ते खोटं नव्हतं. नवीन घडीचा चाकू आला की त्याच्या जोडीला ते एक अखंड काढत आणि कित्येक दिवस दोघांना एकच काम देत. टोमॅटो, कांदा, पोत्याची सुतळी, पार्सलची चिकटपट्टी, उसाचं कांडं, औषधाच्या गोळीचे अर्धे. मोबाइलवर चाकूंची तुलना करणारे व्हिडिओ बघत आणि बघता बघता चिडत. "हे गोरं पोरगं कागद कापून दाखवून राहिलं. कागद कोण खातं? कारलं कापून दाखव म्हणावं."

त्यांचा निकाल मात्र ठरलेला असायचा. मी तो इतक्या वेळा ऐकलाय की आजही त्यांच्याच आवाजात ऐकू येतो. "घडीचा वाईट नसतो. खिशात मावतो, कुणी दचकत न्हाई, बसमध्ये पेरू खायला बरा. पण त्यानं आंबा कापून बघा. रस सांध्यात जातो. दुसऱ्या दिवशी उघडताना कुरकुर करतो. मग सोडवा, धुवा, तेल द्या. आन खटका किती का भारी असंना, शेवटी एवढ्याशा पत्र्याच्या पट्टीवर आपली बोटं सांभाळायची. अखंडाचं तसं न्हाई. तो हाय तसा दिसतो. मिटून बसत न्हाई." म्हणून बाहेर जाताना खिशात घडीचा आणि घरात कमरेला अखंड, असा त्यांचा नियम होता. बाहेरून आले की चपला काढायच्या आधी ते चाकू बदलत.

एकदा पेन्शनच्या कामासाठी एका कार्यालयात गेले. फाटकावरच्या शिपायाने खिशातला घडीचा चाकू काढून घेतला आणि गुटख्याच्या जप्त पुड्या ठेवलेल्या खोक्यात टाकला. चाकू काढून घेतल्याचं डॉक्टरांना काही वाटलं नाही, तो नियमच होता. पण पुड्यांत टाकला हे सोसलं नाही. त्यांनी चाकू परत मागितला, पुसला आणि काम न करता घरी आले. पुढे बरेच दिवस पेन्शन अडकली. काकू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, "चाकूला गुटख्याचा वास लागंल म्हणून आमचे हे उपाशी राहायला तयार हायेत."

गुरुद्वाऱ्याकडच्या रस्त्यावर कृपाणांची दुकानं आहेत. तिथले एक वयस्कर सरदारजी डॉक्टरांचे दोस्त होते. डॉक्टर संध्याकाळी त्यांच्या दुकानात बसत आणि एकेक म्यान हातात घेऊन बघत. सरदारजी म्हणायचे, "डॉक्टरसाब, ये तो श्रद्धा की चीज है. आप धार काहे को देखते?" डॉक्टर म्हणायचे, "श्रद्धा को भी धार होना, सरदारजी." मग दोघं हसत आणि चहा मागवला जाई. मला वाटतं, त्या दुकानाखेरीज डॉक्टरांना दुसरी मित्राची जागा नव्हती.

माझ्यासाठी त्यांनी काय केलं हे इथं लिहायलाच हवं. प्राध्यापक होण्यासाठीच्या पात्रता परीक्षेत मी नापास झाले तेव्हा मी घरी कळवलंसुद्धा नव्हतं. आमच्या घरात पदवी घेतलेली मीच पहिली, त्यामुळे तिथं माझं नापास होणं कुणाला समजावून सांगता आलं नसतं. डॉक्टरांनी खालच्या खोलीतलं स्वतःचं मोठं टेबल मला दिलं. "वर उकडतं, हितं बसून वाचा," एवढंच म्हणाले. संध्याकाळी माझ्या पुस्तकाशेजारी फळांच्या फोडींची ताटली येई. ती कोणत्या चाकूने कापली हे विचारल्याशिवाय खायची नाही, अशी अट होती. पुढच्या खेपेला मी पास झाले. माझे वडील तुरीचं पोतं घेऊन पेढे वाटायला आले. डॉक्टरांनी पोत्याची शिवण कमरेच्या चाकूने अशी उलगडली की सुतळी अखंड हातात आली. वडील चाकूकडे बघत म्हणाले, "डॉक्टर, हे ऑपरेशनचं हाय का?" डॉक्टरांनी त्यांना खुर्चीवर बसवलं. वडील दुसऱ्याच्या घरात खुर्चीवर बसत नसत, त्या दिवशी बसले. डॉक्टर त्यांना म्हणाले, "तुमची पोरगी हाताला जे कळतं तेच तोंडानं सांगती. अशी माणसं कमी हायेत." वडिलांनी हे वाक्य गावात किती जणांना सांगितलं असेल, मला मोजता येणार नाही.

काकू देगलूरच्या. माहेरी घरात तेलुगू आणि दारात मराठी. ठेंगण्या, गोऱ्या, तोंडाने फटकळ. त्या चाकूंवर कितीही बोलत असल्या तरी खालच्या फळीवरचा एक चाकू त्यांचा होता. गुडघे गेल्यावर त्यांना विळीवर बसता येईना. डॉक्टर त्यांच्यासाठी कोणता चाकू मागवावा याचा विचार करत बसले होते, तोवर काकूंनी कपाट उघडलं, एक आखूड जपानी चाकू काढला आणि ओट्याशी उभं राहून भेंडी कापली. "हा बरा हाय. हा माझा," म्हणाल्या. तो डॉक्टरांकडचा सगळ्यात महाग चाकू होता. त्याचं पातं कांद्याने काळंनिळं पडायचं, पाण्यात ठेवला तर गंजायचा. दर रविवारी सकाळी डॉक्टर दगड भिजवून त्याला धार लावत. काकू भेंडी कापताना तिच्याकडे बघतही नसत. बाहेर कुणाला तरी बोलत असत आणि हाताखाली सारख्या जाडीच्या चकत्या पडत जात. मी टेबलावर उत्तरपत्रिका तपासत असे आणि तो लाकडी पाटावरचा आवाज ऐकत असे.

काकू चाकू कधी हातातून घेत नसत. आमच्या भोकरकडेही हे पाळतात. चाकू, कात्री हातात दिली की दोघांत भांडण लागतं, म्हणून देणाऱ्याने खाली ठेवायची आणि घेणाऱ्याने उचलायची. डॉक्टर धार लावून चाकू आणत, मूठ पुढे करत आणि म्हणत, "घे." काकू हात मागे घेत. "ठेवा खाली."

"हातात न देता बी आपलं भांडण रोजच हाय की."

"ठेवा म्हणते ना."

डॉक्टर ओट्यावर ठेवत, मग त्या उचलत. दर रविवारी हे असंच चाले. मला ते एखाद्या जुन्या जोडप्याच्या खेळासारखं वाटायचं.

अशाच एका रविवारी मी खाली पाणी भरायला गेले होते. डॉक्टरांनी चाकू पुसला, मूठ पुढे केली आणि म्हणाले, "घे." काकूंनी हात पुढे केला, चाकू घेतला आणि दोडका कापायला लागल्या.

मी हसले. "काकू, आज भांडण पक्कं."

"कसलं भांडण?" काकूंनी विचारलं. खरंच विचारलं.

डॉक्टरांचा हात तसाच पुढे राहिला होता. मग ते बाहेर ओसरीत जाऊन बसले. मी हंडा घेऊन निघाले तेव्हा त्यांनी मला थांबवलं.

"मास्तरीणबाई, हिनं हातातून घेतला."

"हो काका. शेवटी ऐकलं तुमचं."

"ऐकलं न्हाई. घ्यायचा नसतो हेच तिला आठवलं न्हाई."

मला ते पटलं नाही. माणूस एखाद्या दिवशी विसरतो. पण डॉक्टरांनी जन्मभर अशा रुग्णांवर उपचार केले होते ज्यांना कुठं दुखतं ते सांगता येत नाही. उभं राहण्याच्या ढबीतला फरक बघून त्यांनी आजार ओळखले होते. त्या आठवड्यात ते काकूंना मेंदूच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. बाकी लक्षणं आम्हा सगळ्यांना दिसली ती पुढच्या वर्षात. भाजीत मीठ पुन्हा पडायचं, गॅस तसाच राहायचा, काकू दुपारी बाजारात म्हणून निघायच्या आणि कोपऱ्यावर उभ्या राहायच्या.

मग नावं गेली. माझं लवकर गेलं, लेकीचं त्यानंतर. मराठी विरत गेली आणि तिच्या खालून देगलूरची तेलुगू वर आली. डॉक्टरांना तेलुगू येत नव्हती. उतारवयात ते एकेक शब्द शिकत होते. ते जवळ बसले की काकू त्यांना परक्या माणसासारखं आदराने बोलत, ते ऐकणं अवघड होतं. पण एक राहिलं. सकाळी भाजीवाल्याची हाक आली की काकू ओट्याशी जात आणि विचारत, "कत्ती एक्कड?" म्हणजे चाकू कुठाय. डॉक्टर म्हणत, "इक्कड," आणि चाकू ओट्यावर ठेवत. आता हातात दिला असता तरी चाललं असतं, तरी ते ठेवतच. काकू उचलत आणि भेंडी कापायला लागत. तशाच, न बघता, सारख्या चकत्या. तेवढा वेळ त्या घरात पूर्वीच्या काकू असत. डॉक्टर शेजारी स्टुलावर बसून बघत राहत.

त्यांची लेक लातूरला असते. मी तिला ताई म्हणते. समजदार, कामाची बाई. ती आली आणि तिने आईला चाकू चालवताना बघितलं.

"अप्पा, हे काय करून राहिलाव तुम्ही?"

"ती भाजी चिरती. मी बसतो की जवळ."

"उद्या स्वतःचा हात कापून घेईल. न्हाईतर तुमचा. एक तर ही सगळी हत्यारं घरातून जातील, न्हाईतर आईला मी लातूरला नेते."

"हितं तिला हाताची सवय हाय. तिकडं बसून काय करंल ती?"

"जिवंत राहील, अप्पा."

ताईचं चुकत होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही. शेवटी तोड निघाली ती अशी. अखंड चाकू सगळे जातील, विळीही जाईल. फक्त घडीचे राहतील, कारण त्यांचा खटका आईला उघडता येणार नाही. आयुष्यभर ज्याला त्यांनी कमी लेखलं, त्या चाकूची बाजू त्या दिवशी डॉक्टर स्वतः मांडत होते. "मिटलेला असतो. कुणाला लागायचा न्हाई. घरात असा चाकू बरा." ताईने खालची फळी रिकामी केली, सगळं एका पेटीत घातलं आणि गाडीत ठेवून नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू ओट्याशी आल्या. "कत्ती एक्कड?"

डॉक्टरांनी घडीचा चाकू उघडून ठेवला. तोही साधा नव्हता, जर्मनीचा होता, त्याच्या पात्यात खोट काढायला जागा नव्हती. काकूंनी उचलला. अंगठा मुठीवरून पुढे सरकवला. सांध्यापाशी अंगठा थांबला. त्यांनी चाकू उलटा केला, पुन्हा सुलटा केला, आणि खाली ठेवला. मग पुन्हा विचारलं, "कत्ती?"

डॉक्टरांनी दुसरा आणून बघितला, पातळ मुठीचा. मग लाकडी मुठीचा. सांधा झाकला जावा म्हणून मुठीला सुती पट्टी गुंडाळून बघितली. महिनाभर त्यांनी एकाच माणसासाठी सगळी वरची फळी तपासली. काकूंना तो चाकू आहे हेच ओळखू येईना. त्या भेंडी नखांनी फाडायच्या आणि रडायच्या. मग त्यांनी ओट्याशी येणं सोडलं. मग जेवण कमी झालं. दिवसभर उशांखाली, डब्यांमागे, देवघरात काहीतरी शोधत फिरायच्या. डॉक्टर मला एकदा म्हणाले, "जनावर चारा सोडतं तेव्हा त्याच्या मनानं जायचं घेतलेलं असतं."

त्यानंतर एका दुपारी कुरियरवाला आला. बरेच महिने तो या दाराकडे फिरकला नव्हता. पार्सलात तसाच आखूड जपानी चाकू होता, नवा. डॉक्टरांनी मला काही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉलेजला निघाले तेव्हा जिन्यात मला पाटावरचा आवाज ऐकू आला. एकसारखा, बारीक. मी जिन्यातच थोडी उभी राहिले.

काकू पुन्हा जेवायला लागल्या. उशा चाचपणं थांबलं. डॉक्टर चाकू वापरून झाला की धुऊन, पुसून कमरेच्या म्यानात ठेवत आणि वर सदरा घालत, ताई अचानक आली तर दिसू नये म्हणून. बनियनवर वावरणारा माणूस घरात सदरा घालायला लागला.

मग तो दिवस आला. सुट्टीचा दिवस होता, मी वर होते. खालून डॉक्टरांची हाक आली. आवाज नेहमीचाच होता. "मास्तरीणबाई, एक रिक्षा बोलवा." मी खाली गेले तर त्यांनी उजवा हात टॉवेलात गुंडाळला होता आणि टॉवेल लाल होत चालला होता. काकूंची भाजी संपली होती आणि त्या रिकाम्या पाटावर कापत राहिल्या होत्या. पाटावरून चाकू त्यांच्याच डाव्या हाताच्या बोटांकडे सरकत होता. डॉक्टरांनी मध्ये हात घातला. काकूंना काय झालं ते कळलंच नव्हतं. त्यांनी पाट फडक्याने पुसला होता आणि पुढच्या भाजीची वाट बघत उभ्या होत्या.

शेजारच्या वहिनींना काकूंजवळ बसवून आम्ही निघालो. रिक्षात डॉक्टर म्हणाले, "ताईला मी सांगणार, घडीच्याचा खटका निसटला. पेरू कापताना." तळव्यातल्या, बोटं मिटवणाऱ्या दोन कंडरा तुटल्या होत्या. टाके घातले. दोन बोटं पुढे पूर्वीसारखी मिटणार नाहीत, असं तिथल्या सर्जनने सांगितलं.

ताई संध्याकाळी लातूरहून पोचली. डॉक्टरांनी ठरलेलं सांगितलं. ताईने त्यांच्या खिशातला घडीचा चाकू काढला, उघडला, पात्याची पाठ टेबलावर टेकवून सगळा भार दिला. खटका जागचा हलला नाही. ती याच घरात, याच चाकूंत वाढलेली होती.

"अप्पा, हे तपासायला तुम्हीच शिकवलंय मला."

तिने चाकू मिटून टेबलावर ठेवला.

"आन लागलंय उजव्या तळव्याला. चाकू कोणत्या हातात होता?"

डॉक्टर बँडेजकडे बघत बसले. ताई रागावली नाही. ती रागावली असती तर बरं झालं असतं असं मला वाटलं. तिने कपाटातून आईची लुगडी काढली आणि पलंगावर घड्या घालायला लागली.

"हितं तिला घर ठाऊक हाय गं," डॉक्टर म्हणाले.

"घर ठाऊक न्हाई, अप्पा. तिला चाकू ठाऊक हाय. अन् मी तो तिला देऊ शकत न्हाई."

डॉक्टर काकूंबरोबर लातूरला गेले. जाण्याआधी वरच्या फळीवरचे चाकू त्यांनी सरदारजींच्या दुकानात नेऊन ठेवले. मी बरोबर होते, कारण त्यांना पिशवी धरता येत नव्हती. सरदारजींनी एकही चाकू उघडून बघितला नाही, चहाही मागवला नाही. नुसते डॉक्टरांचा बांधलेला हात आपल्या दोन्ही हातांत धरून बसले.

गेल्या उन्हाळ्यात मी लातूरला त्यांना भेटायला गेले. ताईचं घर मोठं, हवेशीर आहे. भाजी बाहेरून चिरून येते. फळं सोलून, कापून डब्यात येतात. घरात धार असलेली एकही वस्तू नाही. काकू खिडकीजवळ खुर्चीत बसल्या होत्या, खूप बारीक झालेल्या. मांडीवर स्टीलचं ताट होतं आणि ताटात गवारीच्या शेंगा होत्या. त्या एकेक शेंग हाताने मोडत होत्या.

डॉक्टर मला बघून उठले. त्यांची ती दोन बोटं ताठच राहिली आहेत. पाण्याचा पेला त्यांनी डाव्या हाताने दिला. मी काही विचारायच्या आधीच सांगायला लागले, त्याच जुन्या सुरात. "सगळं करून बघितलं, मास्तरीणबाई. मटार भराभर सोलून होतात, मग हात रिकामे. मेथीत तिला झोप लागते. वालाची साल निसटती, त्यानं ती चिडती. गवार बरी. गवार मोडताना आवाज होतो, तो तिला लागतो."

ते बोलत बोलत काकूंच्या शेजारच्या स्टुलावर बसले. काकूंनी मान वर न करता ताट उचललं आणि पलीकडच्या मांडीवर ठेवलं, त्यांच्यापासून लांब. वर हाताने झाकलं.

मला ते दिसलं हे डॉक्टरांनी बघितलं.

"मी कोण ते तिला ठाऊक न्हाई," ते म्हणाले. "लेकीला वळखत न्हाई, नातवाला वळखत न्हाई. पण मी जवळ आलो की असं करती. चाकू नेणारा माणूस म्हणून ध्यानात ऱ्हायलोय मी तिच्या."

मी हातातला पेला खाली ठेवला.

"घरात बाकी कुणीच तिच्या ध्यानात न्हाई," डॉक्टर म्हणाले. मग स्टूल थोडं पुढे ओढून त्यांनी पिशवीतल्या मूठभर शेंगा ताटाकडे नेल्या. काकूंनी ताट आणखी पलीकडे सरकवलं.